पाचशे दिवस अपघाताविना

हॅलो? हॅलो, हो, नमस्कार, मीच बोलतेय… जखमी कामगाराची पत्नी. अर्ज क्रमांक सांगते, घ्या लिहून. चार, शून्य, सात, सात… काय?

ताई? अगं तू होय!

नाही गं, मला वाटलं हेल्पलाइनवाले. बारा ते चारच्या दरम्यान आम्हीच फोन करू म्हणालेत. सकाळपासून फोन कमरेला खोचून फिरतेय. अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून केली.

छे, कसला येतोय. काल मीच केला होता, बेचाळीस मिनिटं धरून बसले. ती त्यांची बासरी वाजत असते ना, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, त्यावर आमचा बोका झोपला बघ, रांगायचं सोडून. खरंच. दहा महिन्यांत असा पटकन कधी झोपला नव्हता. त्या नव्या अपघात-भरपाई कायद्याचा पहिला लाभार्थी आमच्या घरात तोच.

मिळाले ना फोटो? सकाळी पाठवलेले… हो, ते काल दुपारी आलेलं पत्र. पत्रावर तारीख दहा दिवसांपूर्वीची. आणि हरकत घ्यायची मुदत दहा दिवस. पत्राच्या तारखेपासून गं, मिळाल्यापासून नाही! म्हणजे आज. पाच वाजता खिडकी बंद… आत्ता किती वाजले? सव्वातीन. तू डबा खाऊन घेतलास ना? मग ऐक.

अगं ऐक ना. आधी ऐक, मग ओरड.

बोक्या, ते नाही! ते तोंडात नाही घालायचं! … काही नाही गं, चेंडू. रबरी चेंडू. डॉक्टरांनी ह्याला दिलाय, उजव्या हातात दाबायला. हा दिवसातून दहा वेळा दाबायचा प्रयत्न करतो, आणि बोका दिवसभर चावतो. बोक्याच्या हिरड्या सुधारतायत. ह्याची बोटं आहेत तशीच.

हो, तेच सांगतेय. मधलं बोट आणि शेजारचं, दोन्ही वाकतच नाहीत. आत दोऱ्यांसारखं काहीतरी असतं ना, बोटं ओढणारं, तेच तुटलंय. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं तर बोटं वाकतील. त्यानंतर केलं तर फक्त टाके दिसतील. आज एकोणसत्तरावा दिवस, ताई. पुढच्या गुरुवारची तारीख दिलीये त्यांनी, पण मंजुरीचा कागद आला तर. आणि हे पत्र मंजुरीचं नाही, नामंजुरीचं आहे.

कारण? कारण अपघात झालेलाच नाही.

हसू नकोस. तसंच लिहिलंय. ‘सदर दिवशी अपघात घडल्याचे नोंदीवरून दिसून येत नाही.’

अगं नवा कायदा! तू वकिलांकडे टायपिंगला आहेस आणि मलाच विचारतेस? … बरं, तुमच्याकडे जमिनीच्याच केसेस. ठीक आहे. मी सगळा वाचलाय. चौसष्ट पानं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, तीन रंगांच्या पेनांनी खुणा केल्यात. बोक्याला पाजताना कलम अकरा, भरवताना कलम बारा. परीक्षेला एवढं वाचलं असतं तर प्राध्यापक झाले असते.

पूर्वी काय होतं, फोरमननं चार ओळी लिहून दिल्या की झालं. आता एक वही असते. रोजची सुरक्षा नोंद. तारीख, ‘आज अपघात: होय किंवा नाही’ आणि खाली सही. अपघात त्या दिवशीच्या पानावर असेल तरच तो अपघात. पान ‘नाही’ म्हणत असेल, तर तुझा हात तुटून हातात आला तरी… नाही, तसं नाही लिहिलेलं, पण अर्थ तोच. मुखपृष्ठावर एक माणूस आहे, गळ्यात हात बांधलेला, आणि हसतोय. खाली ‘अधिक सोपा, अधिक जलद’. जलद आहेच म्हणा. आमचं दहा दिवसांत फेटाळलं.

आणि कायदा लागू कधी झाला? एक तारखेला. ह्याचा हात रोलरमध्ये गेला तीन तारखेला. दोनच दिवस आधी गेला असता तर जुन्या कायद्यात बसला असता. सासूबाई म्हणाल्या, लहानपणापासून असाच आहे, सगळीकडे उशिरा पोचतो.

तेच ते मशीन, हो. खोक्यांचा पुठ्ठा दाबायचं. त्यावर जाळी असते, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. जाळीनं काम हळू होतं म्हणून ती काढून ठेवली होती. कुठे ठेवली होती माहितीये? सुपरवायझरच्या टेबलाखाली. तो त्यावर पाय ठेवून बसतो.

साक्षीदार? होता ना, शेजारच्या मशीनवरचा. सगळे त्याला जिराफ म्हणतात. त्यानंच मशीन बंद केलं, ह्याला उचलून रिक्षात घातलं. आता म्हणतो, मी तेव्हा पाणी प्यायला गेलो होतो. नुसता तोच नाही. सगळी पाळीच त्या दिवशी पाणी प्यायला गेली होती. एवढं पाणी! मी नाही गं दोष देत त्यांना. त्यांचेही हात आहेत, घरं आहेत.

हॉस्पिटलचे कागद आहेत. पण त्यात बोटांचं सगळं लिहिलंय, बोटं कुठे होती ते नाही. घरी दारात सापडली असतील, असं कंपनीचं म्हणणं. कंपनीनं तर ‘माणुसकीच्या नात्याने’ ह्याला हलकं काम दिलंय, असं पत्रातच आहे. कलम एकोणीस. हलकं काम दिलं की घ्यायचंच. नाही म्हटलं तर अर्जच बाद.

काय काम? तुला सांगितलं नव्हतं? थांब, बोका पडद्याला लोंबकळलाय… ये इकडे. ये. बस मांडीवर… हां. तर गेटापाशी एक फळा आहे. ‘अपघाताविना इतके दिवस’. त्यावर पत्र्याचे आकडे अडकवायचे. रोज सकाळी एक आकडा बदलायचा, हे ह्याचं काम. मग दिवसभर खुर्चीत बसून फळ्याकडे बघायचं. हात गेला त्या दिवशी फळ्यावर चारशे एकतीस होतं. दुसऱ्या दिवशी चारशे बत्तीस. तिसऱ्या आठवड्यापासून हा स्वतःच्या हातानं, म्हणजे डाव्या हातानं, पुढचे आकडे लावतोय. गळ्यात पट्टी. वर फळा. येणारे-जाणारे बघतात.

आज पाचशे झाले. कार्यक्रम आहे म्हणे. मोठे साहेब येणार होते.

नाही, आता तो भाग येतो. जिथे तू ओरडशील. ओरड, पण हळू, बोका डुलक्या घेतोय.

ती वही आहे ना, रोजची नोंद. ती एक तारखेपासून भरायची होती आणि कुणीच भरली नव्हती. तपासनीस येणार म्हणून कळलं तेव्हा सुपरवायझर ह्याच्याकडे आला. म्हणाला, तू नुसता बसूनच असतोस, तुझ्या सवडीनं एवढी पानं भरून टाक. ‘नाही’वर बरोबरची खूण, खाली सही. आणि ह्यानं भरली.

हो. सगळी.

हो, तीन तारखेचंही.

ओरडून झालं? … हो, मी पण तेच म्हटलं. अगदी हेच शब्द. वर ‘तुझं डोकं रोलरमध्ये गेलं होतं का’ असंही म्हटलं. नंतर मला वाईट वाटलं. तो म्हणतो, मला वाटलं ही पानं फळ्यासाठी आहेत. फळ्यावर जे असतं तेच वहीत. आणि सुपरवायझर एवढा प्रेमानं म्हणाला, खुर्चीला उशी आणून दिली, मग नाही कसं म्हणायचं. ताई, ह्याला उशी दिली की हा काहीही देईल. लग्नाच्या बोलणीत बाबांनी नुसता लोड पुढे केला तर हा म्हणाला, मला काहीच नको.

हो, तेच पान पत्रासोबत जोडलंय. पहिल्या आठवड्याची सगळी पानं आहेत. ‘कर्मचाऱ्याने स्वतः स्वाक्षरी करून अपघात न झाल्याचे प्रमाणित केले आहे.’ जखमीनंच लिहून दिलंय की मी जखमी नाही.

आणि डॉक्टरांचं ऐकलंस का? आपले सर्जन नाहीत गं, नव्या कायद्यातले. तज्ज्ञ मंडळाचे. आपल्या डॉक्टरांच्या सांगण्याला आता किंमत नाही, मंडळाचे डॉक्टर बघणार. चार मिनिटं बघितलं. मी बाहेर बोक्याला घेऊन उभी होते, घड्याळ लावूनच होते. अहवाल काय? ‘अर्जदार नीटनेटक्या पोशाखात. शर्टाची सर्व बटणे लावलेली. दैनंदिन कामे करण्यास सक्षम.’ बटणं मी लावली होती, ताई! मी! सरकारी डॉक्टरांपुढे जायचं म्हणून मी तो निळा शर्ट इस्त्री केला, बटणं लावली, भांग पाडला, बुटाच्या नाड्या बांधल्या. एका वेळी दोन मुलं तयार केली. माझ्या हातांचा दाखला ह्याला मिळाला.

त्यानं सांगायचं ना? मी म्हटलंच त्याला. तर म्हणाला, त्यांनी विचारलंच नाही, आणि तू एवढं छान तयार केलं होतंस.

नाही गं, रडत नाहीये. सर्दी आहे. बोक्याची मला झालीये… हो, त्याचा ताप बघितला, नॉर्मल आहे. दोनदा बघितला. बरं, चारदा.

तू म्हणतेस, सही त्याची नसेल? कुणीतरी खोटी केली असेल? … अगं नाही ना. तो कबूल करतोय. आणि मलाही कळत नाही का? ही सही मी ओळखणार नाही तर कोण? हिच्यासाठी मी दुरेघी वही आणली होती. तो बोक्यासारखा जीभ बाहेर काढून गिरवायचा आणि मी शेजारी बसायचे. पहिलं अक्षर मोठं, दुसरं ओळीखाली घसरतं, मग हा थांबतो, श्वास घेतो, तिथे सही तुटते. हे बघ ना, माझ्यासमोरच पान आहे, एक तारखेचं. तुटलीये की नाही? दोन तारखेची, तुटलीये. तीन…

ताई.

थांब. थांब जरा.

नाही, काही झालं नाही. बोका ठीक आहे. तू बोलू नकोस एक मिनिट.

ताई, एक तारखेला त्याचा हात धड होता.

अगं, एक तारखेला! दोन तारखेला! उजव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. मग एक तारखेला तो डाव्या हातानं सही का करेल? उजव्या हाताची त्याची सही केवढी झोकदार. खाली ती नागमोडी शेपटी. लग्नाच्या नोंदणीत शेपटी माझ्या नावावरून पलीकडे गेली होती, बाई म्हणाल्या होत्या, अहो आवरा. ती सही कुठेय इथे? हे तर… हे तर हात गेल्यानंतर दुरेघी वहीत डाव्या हातानं गिरवलेलं आहे. तीन तारखेचं पान तीन तारखेला भरलेलंच नाही! पानच सांगतंय!

हो ना? बरोबर आहे ना? तू टाइप करतेस, तुला कळतं, सांग, बरोबर आहे ना?

काय सिद्ध करायचं? … डाव्या हाताची आहे हे. बरोबर. ते म्हणतील त्याची सही अशीच आहे. म्हणजे त्याची जुनी सही वेगळी होती, असं कुणीतरी लिहून… सरकारी कुणीतरी…

ताई! ते पहिलं पत्र!

अगं, पहिला अर्ज परत आला नव्हता का? मी तुला फोनवर अर्धा तास शिव्या… त्यांना शिव्या घातल्या होत्या. ‘अर्जावरील स्वाक्षरी कार्यालयातील नोंदीच्या स्वाक्षरीशी जुळत नाही, सबब अर्ज परत.’ हेच! ह्यानं हीच तुटकी सही करून पाठवला होता. मग आम्ही अंगठा द्यायला गेलो, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, नव्या कायद्यात उजवा हवा. उजवा पट्टीत. शेवटी शिपायाला दया आली आणि त्यानं डावा चालवून घेतला. तर ते पत्र! त्यांनीच लिहून दिलंय, शिक्का मारून, की ही सही म्हणजे ह्याची जुनी सही नव्हे!

हो, आता ते काय म्हणणार? जुळते म्हणाले तर पहिला अर्ज परत का पाठवला? जुळत नाही म्हणाले तर वहीतलं पान एक तारखेचं कसं?

मला नाचावंसं वाटतंय. बोका मांडीवर आहे म्हणून. थांब, त्याला खाली ठेवते… शू… शू… हां, झोपला.

पत्र शोधते. धर हां, ठेवू नकोस.

फायलीत नाहीये.

फाडलं नाही गं! रागावले होते, पण फाडलं नाही. फेकलंही नाही, मी कधी कागद फेकते का? लसीकरणाच्या कार्डाबरोबर… नाही. कपाटाच्या खणात… नाही. पिठाच्या डब्याखाली मी खुणेसाठी… हे विजेचं बिल. ताई, कुठे ठेवलं मी? सगळं जपून ठेवते आणि जपून ठेवलेलंच…

त्या जिराफाला पाणी प्यायला जावंसं वाटलं ते असंच घाबरून, बहुतेक.

हो, शांत होते. घेतला श्वास.

पाळण्यात? पाळण्यात कशाला… त्या दिवशी त्याला झोपवत होते, आणि पत्र हातात होतं… गादीखाली. थांब.

आहे! ताई, आहे! … अरे देवा.

खाल्लंय. बोक्यानं खाल्लंय. कोपरा नाहीये. थांब, वाचते. शिक्का… आहे. तारीख आहे, अर्ज क्रमांक आहे. ‘स्वाक्षरीशी जुळत नाही’ आहे. खालची सही आहे. फक्त ‘आपला विश्वासू’ तेवढं खाल्लंय.

हसू नकोस! मलाही हसू येतंय, बोका उठेल.

विचार ना, लगेच विचार. जेवत असले तरी विचार. धरते मी.

…

हो? काय म्हणाले वकीलसाहेब? … दोन्हींच्या झेरॉक्स, अस्सल दाखवायची, द्यायची नाही. बरं. हरकत त्यानं स्वतः जाऊन द्यायची, खिडकीसमोर सही करायची. बरं. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. ते नको सांगूस, मला हलवून दाखवू दे कुणी. तू टाइप करतेस? तुझं ऑफिस वाटेवरच आहे, आम्ही खालून आवाज देतो.

मजकूर तूच कर, पण एक वाक्य माझं घाल. लिही. ‘या हरकतीवरील स्वाक्षरी वहीतील एक, दोन व तीन तारखेच्या स्वाक्षरीशी आणि आपल्या कार्यालयाने नाकारलेल्या स्वाक्षरीशी ताडून पाहावी.’ लिहिलंस? आणि शर्टाचं पण. ‘तपासणीच्या दिवशी शर्टाची बटणे पत्नीने लावली होती.’ असू दे गं. असू दे कायद्यात एकदा.

बेल वाजली. तोच. दोनदा आखूड वाजते ना, कोपरानं वाजवतो. आज लवकर सोडलंय, कार्यक्रम होता म्हणून. फोन ठेवू नकोस.

आलास? हळू, बोका झोपलाय… चप्पल काढू नकोस, जायचंय लगेच. कुठे ते वाटेत सांगते. चेहरा का असा? … काय दिलं? बघू… हार घातला? फोटोही काढला? … फळ्याखाली उभं करून. बरं. आणि ह्या पिशवीत काय?

ताई, ऐकतेयस ना? मोठ्या साहेबांनी पाचशे दिवसांचं बक्षीस दिलंय. हातमोजे. सुरक्षेचे हातमोजे. जोडी.

नाही रे, चांगले आहेत. खरंच चांगले आहेत. एक तर आत्ताच कामाला येईल. दुसरा गुरुवारनंतर… ऐक, माझ्याकडे बघ. तू चुकलास ते बरं झालं. हो, वही भरलीस ते. मी काल बोलले ते परत घेते. सगळं नाही, रोलरचं तेवढं. तुझ्या सहीनं घात केला होता ना, तीच सोडवणार आहे. चालताना सांगते सगळं.

काय? सुपरवायझरला वाईट वाटेल?

ताई, तू ऐकलंस? … नाही, मी काही बोलत नाही. तूच सांग त्याला नंतर.

त्या उशीचं आपण बघू. तू फक्त खिडकीसमोर सही कर, नेहमीसारखी, मधे श्वास घेऊन. सुंदर काढायची नाही. बटणं? नको, मी नाही लावत. राहू दे उघडी. आज असाच चल.

ताई, निघतो आम्ही. पावणेचार झालेत. बोक्याला झोपेतच उचलते. हेल्पलाइनवाल्यांचा आला तर वाजू दे फोन, म्हणू दे त्यांना आपला कॉल महत्त्वाचा आहे म्हणून.

काय रे? फळ्याचं काय? … उद्या सकाळी तुलाच लावायचाय ना आकडा? लाव की. पाचशे एक नाही. शून्य पण नाही, शून्य तेव्हा लावायचं होतं.

सत्तर लाव.

हो, सत्तर. बरोबर आहे. मी रोज मोजतेय. … ठेवते गं.